गुंठ्याला सव्वादोनशे रुपये

आपत्तीनंतरच्या मदतीचे दर ठरवणाऱ्या मंत्रीमहोदयांना, सचिवसाहेबांना, आणि ते दर लावायला आमच्या नारळ-सुपारीच्या वाडीपर्यंत चालत येणाऱ्या साहेबांना,

सप्रेम नमस्कार.

3 जूनला निसर्ग वादळाला पाच वर्षं झाली. त्याच्या चार दिवस आधी, 30 मे 2025 रोजी, आपला नवा शासन निर्णय निघाला. जानेवारी 2024 पासून बहुवार्षिक फळपिकांच्या नुकसानीला हेक्टरी 36,000 रुपये, तेही तीन हेक्टरांपर्यंत, असा दर होता. तो आपण पुन्हा केंद्राच्या निकषावर आणलात : हेक्टरी 22,500, मर्यादा दोन हेक्टर. पेपरात बातमी आतल्या पानावर होती. मी ती सासूबाईंना वाचून दाखवली. त्या ब्याऐंशीच्या आहेत, हेक्टर त्यांना कळत नाही. आमच्या आळीत हेक्टरभर जमीन कुणाकडेच नाही, त्यामुळे कळायचं कारणही नाही. त्यांनी विचारलं, "गुंठ्याला किती?"

मी सांगितलं, सव्वादोनशे.

"म्हणजे नारळ पाडणारा गडी चार माड चढेल तेवढे," असं म्हणून त्या पोफळीच्या (सुपारीच्या झाडाच्या) विरी वाळत घालायला मागल्या दारी गेल्या. हे पत्र मी त्या दिवशी लिहायला घेतलं.

मी दिवेआगर ते हर्णै या पट्ट्यातल्या एका गावात राहते. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव आलं की दोन कर्मचाऱ्यांना नोटीस निघेल आणि फाइल बंद होईल. पंचनाम्याला आलेली ती माणसं वाईट नव्हती. त्यांच्या हातातला तक्ता वाईट होता, आणि तो तक्ता आपल्याकडे तयार होतो.

आमची वाडी अकरा गुंठ्यांची. वादळाच्या आदल्या दिवशी तीत 148 पोफळी आणि 19 माड उभे होते. दोन जुनी जायफळं, पोफळींवर चढवलेली मिरी, पाटाच्या कडेला केळी, कुंपणाला रातांबे. वर्षाला दोन-सव्वादोनशे किलो सुपारी वाळायची. वर्षाचा किराणा, लाइटबिल आणि गणपती एवढं त्यावर निघायचं. सुपारी श्रीवर्धनी रोठा, म्हणजे आतून पांढरी आणि जड. हे सगळं सांगायचं कारण, यातलं जवळजवळ काहीच आपल्या कागदावर कधी आलं नाही.

त्या वर्षी देश बंद होता. मुंबईहून आलेले चाकरमानी शाळेत चौदा दिवसांच्या विलगीकरणात होते. 2 जूनच्या संध्याकाळी रिक्षातून ओरडून सांगितलं गेलं की कच्च्या घरातल्यांनी पक्क्या इमारतीत जावं. गावात पक्की सरकारी इमारत एकच, ती शाळा. मग एका वर्गात विलगीकरण, शेजारच्या वर्गात स्थलांतर आणि मधल्या व्हरांड्यात आडवी दोरी. लोक वाऱ्याला घाबरावं की शेजारच्या खोकल्याला, या विचारात रात्रभर बसून होते. सासूबाई गेल्याच नाहीत, म्हणून मीही घरीच राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोफळी वाकून जमिनीला टेकत होत्या आणि परत उभ्या राहत होत्या. तासभर असं चाललं. मग त्या मधूनच काडीसारख्या मोडायला लागल्या. माड मुळासकट गेले. चारच्या सुमारास वारा पडला तेव्हा पडवीत आले, तर समोर समुद्र दिसला. 1994 साली लग्न होऊन या घरात आले, तेव्हापासून घरातून समुद्र कधी दिसला नव्हता. मधे आमची वाडी होती, तिच्यापुढे दोन वाड्या होत्या आणि किनाऱ्याला सुरूचं बन होतं. सुरूचं बनही आडवं झालं होतं.

117 पोफळी आणि 7 माड पडले होते. मी स्वतः मोजले, सुपारीच्या हिशेबाच्या वहीत लिहिले.

आता माझ्या तक्रारी.

पंचनामा अकराव्या दिवशी झाला. दोन माणसं, एक मोटरसायकल आणि वाटणीला आलेली सहा गावं. त्यात करोना, आणि रस्त्यावर पडलेली झाडं आम्हीच कोयत्याने तोडत होतो. उशिराबद्दल मी बोलत नाही. पण कागदावर रकाने होते ते असे : गट क्रमांक, क्षेत्र, पीक, नुकसानीची टक्केवारी. झाडं किती, हे लिहायला जागा नव्हती. मी वही पुढे केली. भाऊसाहेबांनी ती नीट पाहिली आणि म्हणाले, "वहिनी, एवढं बारीक इथे बसत नाही." मी विचारलं, जायफळं कुठे लिहिणार? तर एका क्षेत्रात एकच पीक बसतं म्हणाले. लिहिलं 'सुपारी'. तीस वर्षांची दोन जायफळं आणि मिरीचे वेल त्या एका शब्दात गेले.

दापोलीचं कृषी विद्यापीठ गेली कित्येक वर्षं आम्हाला सांगतंय की नारळ-पोफळीत जायफळ, दालचिनी, मिरी लावा, एका जमिनीत चार पिकं घ्या. त्याला लाखी बाग असं नावही दिलंय. शासनाचा एक हात चार पिकं लावायला सांगतो आणि दुसरा मोजताना तीन पुसतो. या दोन हातांची ओळख कोण करून देणार?

पुढचा हिशेब दराचा. 2020 साली शासनाने केंद्राचा 18,000 चा दर बाजूला ठेवून हेक्टरी 50,000 दिले. तेव्हाच्या सरकारचं मी त्यासाठी आजही कौतुक करते. तरीही अकरा गुंठ्यांना ते 5,500 रुपये होतात. पडलेल्या पोफळी तोडून बाहेर काढायला चार माणसं सहा दिवस लागली, 600 रुपये रोजाने 14,400 झाले. पोफळीचं लाकूड कुणी विकत घेत नाही. म्हणजे वाडी मोकळी करण्यातच मदतीच्या अडीचपट गेले, आणि मोकळ्या वाडीत काय लावायचं हा प्रश्न तिथून पुढचा.

2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं, तेव्हा लोकांच्या ओरडीनंतर झाड मोजायला सुरुवात झाली. नारळाला 250 रुपये, सुपारीला 50. रक्कम हास्यास्पद होती, पोफळ धरायला पाच-सात वर्षं लागतात आणि पुढे ती पिढीभर देते. पण निदान मोजायची रीत बरोबर होती. त्या दराने माझ्या वहीतल्या आकड्याचे 7,600 झाले असते. आम्हाला तौक्ते फारसं लागलं नाही (आमच्याकडे पडायला उरलं काय होतं), त्यामुळे ते रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या भावंडांना मिळाले. आणि तो निर्णय त्या वादळापुरता होता.

आता 22,500. अकरा गुंठ्यांचे 2,475 रुपये. पाच वर्षांत मजुरी वाढली, रोप महागलं, खत महागलं, आणि वाडी निम्म्याहून स्वस्त झाली. यंदा पाऊस मे महिन्यातच येऊन बसला, समुद्र वेळेआधी खवळला, अशा वेळी हा निर्णय निघाला याचं मला जास्त वाईट वाटतं. तिजोरीवर ताण आहे हे मला कळतं. घर मीही चालवते. पण ताण आला की कोणता खर्च आधी कापायचा हे ठरवताना माणूस कळतो, आणि सरकारही.

यापुढची गोष्ट लिहिताना हात अडखळतो, कारण ती घरातली आहे. पण आपल्या तक्त्याने जे केलं त्यातलं सगळ्यात वाईट हेच आहे.

आमच्या सातबाऱ्यावर नऊ नावं आहेत. तीन मयत, त्यांतले एक माझे सासरे, 1998 साली गेले. वारसनोंद अर्धी झालेली. बाकी कोणी डोंबिवलीला, कोणी नालासोपाऱ्याला, एक आत्या बडोद्याला. कोकणात हे प्रत्येक आळीत आहे, नवल काही नाही. मदत मिळायला सगळ्या सहहिस्सेदारांचं संमतीपत्र हवं होतं, की पैसे अमुक एकाच्या खात्यात जमा करायला आमची हरकत नाही. रेल्वे बंद, जिल्ह्याबाहेर जायला ई-पास, आणि बडोद्याच्या आत्यांना सही करायला घराबाहेर सोडायला त्यांचा मुलगा तयार नाही. कागद पुरे व्हायला फेब्रुवारी उजाडला. पैसे थोरल्या चुलतदिरांच्या खात्यात गेले, कारण त्यांचं नाव वर होतं.

भावजींनी प्रामाणिकपणे नऊ भाग केले. आमच्या वाट्याला 611 रुपये आले.

मी म्हटलं, "भावजी, झाडं तोडायचे चौदा हजार मी दिले, शिंपणं मी करते, तुम्ही वाडीत शेवटचे कधी आलात?" ते म्हणाले, "कागदावर नऊ नावं आहेत, मी काय करू?" त्यांचं खोटं नव्हतं. माझंही नव्हतं. त्या वर्षी आमच्या घरचा गणपती पहिल्यांदा दोन ठिकाणी बसला. अजून दोन ठिकाणीच बसतो. जे घर वादळात उभं राहिलं ते 5,500 रुपयांच्या मदतीने दुभंगलं. अशी किती घरं असतील याची नोंद कुठल्या पंचनाम्यात आहे?

माझं स्वतःचं नाव त्या सातबाऱ्यावर कुठेच नाही, हे सांगायचं राहिलं. यजमान मुंबईत कंपनीत. एकतीस वर्षं पाटाचं पाणी वळवणारी, सुपारी सोलणारी, खत घालणारी बाई शासनाच्या लेखी त्या वाडीत नाहीच. कूळकायदा आपल्याकडे 1948 चा. कसणाऱ्याचा हक्क म्हणजे काय, हे महाराष्ट्राला कुणी नव्याने शिकवायला नको. फक्त तो हक्क नवऱ्याच्या घरात राबणाऱ्या सुनेपर्यंत पोचलेला नाही.

रोपांचं थोडक्यात सांगते. पुनर्लागवडीची रोठ्याची साठ रोपं मिळाली ती ऑक्टोबरात, पाऊस सरल्यावर. लहान पोफळीला सावली लागते. आधी केळी लावायची, ती वर आली की तिच्या आडोशाला पोफळ. उघड्यावर लावली की कोकणातलं ऑक्टोबरचं ऊन तिला आठवड्यात करपवतं. मोठी उरलेली झाडंसुद्धा शेजार गेल्यामुळे पश्चिमेच्या उन्हाने खोडाला भाजून निघाली, त्यांतली काही पुढच्या दोन वर्षांत गेली. हे आमच्याकडचं शाळकरी पोरही सांगेल. पण योजनेत सावलीला पैसे नव्हते, रोपाला होते. आणि पुढचा हप्ता रोपं जगल्यावर. साठांतली बावीस जगली. हप्ता मिळाला नाही, आणि रोपं न जगवल्याचा ठपका मात्र माझ्यावर आला.

विजेबद्दल एकच वाक्य : आम्ही 34 दिवस अंधारात होतो, अलिबागला चक्रीवादळ जोखीम निवारण प्रकल्पातून भूमिगत वाहिन्यांचं काम हाती घेतलं ते चांगलंच झालं, पण आमच्या गावात तेच खांब त्याच खड्ड्यांत परत उभे आहेत.

आणि आता बंधारा.

गेल्या महिन्यात ग्रामपंचायतीच्या फळ्यावर सूचना लागली की किनाऱ्याला धूपप्रतिबंधक बंधारा होणार. सुरूचं बन गेल्यापासून समुद्र दरवर्षी पुढे सरकतो आहे, दोन वाड्यांच्या विहिरी मचूळ झाल्या आहेत. बंधारा हवा असं म्हणणाऱ्यांत मी पहिली होते. ग्रामसभेत खालच्या कोळीवाड्यातली माझी मैत्रीण उठली आणि तिने विचारलं, "होड्या वर काढायच्या कुठून?" साहेबांनी नकाशा उलगडला. सरळ रेघ, या टोकापासून त्या टोकापर्यंत दगड. मधे वाट नव्हती. पावसाळ्यात होड्या वाळूवर ओढून ठेवतात, जाळी तिथेच वाळतात, सुकी मासळी तिथेच पसरतात. पूर्ण मोडलेल्या होडीला आपल्या निकषात 15,000 रुपये आहेत, पण होडी शाबूत असून किनारा गेला तर काय, याला रकाना नाही.

सभेत मग व्हायचं ते झालं. वाडीवाले म्हणाले, तुम्हाला आमच्या विहिरींचं काही नाही. कोळीवाडा म्हणाला, तुमच्या पोफळींसाठी आम्ही उपाशी मरायचं का? वादळाच्या दिवशी याच कोळीवाड्यातल्या पोरांनी आमच्या छपरावरचा माड उचलला होता आणि आम्ही महिनाभर त्यांना विहिरीचं पाणी दिलं होतं. त्याच माणसांना एका रेघेने समोरासमोर उभं केलं. साहेब नकाशाची गुंडाळी करून म्हणाले, "आधी तुमचं गावात ठरवा." साहेब, रेघ मारण्याआधी विचारलं असतंत तर गावात ठरलेलंच होतं. होड्यांना दोन ठिकाणी उतार हवेत आणि जिथे वाळू अजून शिल्लक आहे तिथे दगडाऐवजी पुन्हा सुरू, केवडा आणि उंडी लावायला हवीत. हे सभेनंतर चहाच्या टपरीवर वीस मिनिटांत दोन्ही बाजूंनी मान्य केलं. इतिवृत्तात मात्र 'एकमत झाले नाही' असं आहे.

(याच काळात किनाऱ्यांवर दिव्यांचे खांब, बाकडी आणि फोटो काढायच्या चौकटी मात्र झपाट्याने उभ्या राहिल्या. त्याला विरोध नाही, पर्यटक आले तर आमच्याकडेच जेवतात. पण पर्यटक जी सावली बघायला येतात ती आमच्या खर्चाची आहे, एवढं लक्षात असू द्या.)

आमचं मागणं असं आहे.

30 मेचा निर्णय नारळ, सुपारी आणि आंब्या-काजूच्या बागांपुरता तरी मागे घ्या. आणि वादळ येऊन गेल्यावर दर वर्षी नवी घोषणा करण्याऐवजी झाडामागे दर कायमच्या निकषात घाला. झाडाचं वय धरा, दोन वर्षांच्या रोपाला आणि तीस वर्षांच्या पोफळीला एकच दर नको. जायफळ, मिरी, कोकम वेगळं मोजा.

वाडी कोण करतं हे ग्रामसभेला माहीत असतं. तिच्या दाखल्यावर निदान साफसफाईचा आणि पुनर्लागवडीचा खर्च थेट करणाऱ्याच्या खात्यात जाऊ द्या, मग ती सून असो, खंडाने करणारा असो. जमिनीची मालकी आम्ही मागत नाही. सहहिस्सेदारांच्या संमतीपत्राशिवाय हे होऊ शकलं पाहिजे. मोबाइलवरून पीक नोंदवायची ई-पीक पाहणी आहेच, तिच्यात मिश्र बाग नीट नोंदवता येईल असं करा, आणि ज्या वाडीत रेंज नाही तिथे कागदावरची नोंद घ्या.

रोपं मिरगाच्या आधी द्या. सावलीचा आणि तीन वर्षांच्या पाण्याचा खर्च योजनेत धरा.

पंचनाम्याची प्रत त्याच दिवशी, त्याच पडवीत, वाचून दाखवून हातात द्या. माझी मला आठ महिन्यांनी मिळाली, तीही माहितीच्या अधिकारात अर्ज केल्यावर.

बंधाऱ्याचा नकाशा कोळीवाड्यासह परत आखा. चहाच्या टपरीवर ठरलेलं मी सोबत लिहून दिलं आहे, दोन्ही आळ्यांच्या सह्या आहेत.

शेवटची मागणी माझ्यापुरती आहे आणि तिला एक पैसा लागत नाही. काल सकाळी पाऊस उघडला तेव्हा मी वाडी परत मोजली. उभ्या जुन्या पोफळी 24, नव्या 22, त्यांतल्या तिघींना यंदा पहिल्यांदा शिपटं (सुपारीचा घड) धरलं आहे. माड 12. जायफळाचं कलम एक. मिरी पाच पोफळींवर. हे मी गट क्रमांकासह एका कागदावर लिहून, शेजारच्या दोघांच्या सह्या घेऊन तालुक्याच्या कचेरीत नेलं आणि म्हटलं, वादळ यायच्या आधीची नोंद म्हणून ठेवून घ्या. टेबलावरचे साहेब म्हणाले, नुकसान झालेलं नसताना अर्ज घेण्याची तरतूद नाही.

ती तरतूद करा. कागद माझ्याकडे आहे, दोन प्रतींत. एक आपल्याला, दुसरीवर फक्त पोच आणि तारखेचा शिक्का हवा.

आपली,
अकरा गुंठ्यांची वाडी करणारी एक बाई
जून 2025